किर्लोस्करांचा नांगर आणि बालाघाटचे पाणी

धाराशिव जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासाचे प्रकरण लिहावयास बसणाऱ्यास फार पाने लागणार नाहीत. तेर येथे, म्हणजे प्राचीन तगर नगरात, सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वी विणले जाणारे कापड भडोचच्या बंदरावाटे परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती जात असे, ही गोष्ट जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात नमूद आहे. परंतु अर्वाचीन काळात ज्याच्या नावाने गाव ओळखले जावे असे कारखानदार घराणे ह्या भागात नांदले नाही. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बालाघाटचे पठार, कोरडवाहू ज्वारी, तूर व करडई, आणि तुळजाभवानीच्या यात्रेस येणारे लोक, एवढाच त्याचा बाहेरच्या जगाशी मुख्य व्यवहार. असे असूनही एका मराठी कारखानदार घराण्याने ह्या जिल्ह्याच्या मातीत, आणि मातीहून अधिक तिच्या पोटातील पाण्यात, खोलवर हात घातलेला आहे. ते घराणे किर्लोस्करांचे होय.

किर्लोस्करवाडी धाराशिवपासून दूर, कृष्णाकाठच्या सांगली जिल्ह्यात आहे. पण दोन्ही ठिकाणांमध्ये लोखंडी दुवा फार जुना आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत आली, १९११ साली ती येडशीच्या घाटावरून लातुरास पोहोचली आणि १९२७ साली तिचे दुसरे टोक पंढरपुरावरून मिरजेस जाऊन भिडले. मिरजेहून पुण्याकडे निघालेल्या गाडीला थोड्याच अंतरावर किर्लोस्करवाडीचे स्टेशन लागते. बार्शी हे इंग्रजी हद्दीतील गाव. सभोवती निजामाची हद्द आणि करोडगिरीचे नाके. तरीही परांडा, भूम, कळंब ह्या बाजूच्या शेतकऱ्यांची मोठी पेठ तीच, आणि नव्या लोखंडी अवजारांचे तोंड त्यांना दिसले ते बहुधा त्याच वाटेने.

ह्या घराण्याचे गुणवर्णन मराठीत पुष्कळ झाले आहे. ओसाड माळाचे गाव कसे झाले, निवडुंगाच्या जागी गुलाब कसे फुलले, हे शाळेच्या पुस्तकांतूनही आले. ते वर्णन खोटे नाही. परंतु ते कारखान्याच्या कुंपणापाशी थांबते. कारखानदाराच्या जबाबदारीचा हिशेब मांडावयाचा तर त्याने आपल्या वस्तीत झाडे किती लावली एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या हातचा माल परमुलखातील जमिनीवर काय करतो हेही त्याच वहीत लिहावे लागते. किर्लोस्करांच्या बाबतीत ह्या वहीची पहिली पाने फार उजळ आहेत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईस गेले, पण काही रंग त्यांच्या डोळ्यांस नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्याने तो मार्ग सुटला. यांत्रिक आरेखन तेवढे हाती राहिले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी ते शिकविले. हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरीस रामराम ठोकून ते बेळगावास आले. तेथे वडील बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, आणि त्यानंतर लोखंडी नांगर.

ह्या नांगरापाशी थोडे थांबावयास हवे. लाकडी नांगर जमीन चिरतो; लोखंडी नांगर ती चिरून उलथी करतो. बालाघाटच्या भारी काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे जेथवर गेलेली असतात तेथवर लाकडी नांगराचा फाळ पोहोचत नाही, आणि मग वर्षानुवर्षे ते रान पडीक पडते. लोखंडी नांगरास चार चार, प्रसंगी त्याहून अधिक बैल जुंपून अशी राने उन्हाळ्यात फोडता येऊ लागली. ज्याच्या दावणीला तेवढे बैल नसत तो इर्जिक घालून शेजाऱ्यांचे बैल मागून घेई. एवढे उपयोगी अवजार. पण आरंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात.

ही हकीकत सांगताना शेतकऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखविण्याचा प्रघात पडला आहे. तो अन्यायाचा आहे. जमीन हीच ज्याची एकमेव ठेव, त्याने परक्या वस्तूस दोन वर्षे दारात उभी ठेवणे ह्यात मूर्खपणा नसून पिढ्यांची सावधगिरी होती. आणि कारखानदाराच्या दृष्टीने पाहिले तरी त्या दोन वर्षांनी त्याचे कल्याणच केले. मुंबईच्या पेठेत विलायती माल छापील जाहिरातीवर खपत असेल. नांगर मात्र शेतात चालल्यावाचून खपत नाही. फाळ लवकर झिजला, दांडा बैलांच्या मानेस जड झाला, मोडलेला भाग तालुक्याच्या गावी मिळाला नाही, तर त्याचा बोभाटा पुढच्या बाजाराच्या दिवशी दहा गावांत होतो. माल घेणाऱ्याचा संशय हीच ह्या कारखान्याची पहिली तपासणी ठरली. पुढे पंपांच्या काळात अशी तपासणी कोणी केली नाही, आणि तेथेच ह्या इतिहासाची वाट वळते. परंतु ते यथाक्रम यावे.

बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करण्यास सांगितल्यामुळे कारखाना उघड्यावर पडला, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस आश्रय दिला. कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज, असे ते साह्य होते. जमीन म्हणजे फड्या निवडुंगाचे रान, आणि त्यात नागांची वस्ती. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणरावांनी तेथे मुक्काम केला. पाच-पंचवीस कामगार, त्यांची बायकामुले, रामुअण्णांची व्यवस्था आणि शंभुअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी, एवढ्या भांडवलावर माळ साफ होऊ लागला. जमशेदपुराची उभारणी याच्या दोनतीन वर्षेच आधी सुरू झाली होती. तिच्यामागे टाटांची संपत्ती होती. येथे होते ते पुढच्या महिन्याच्या पगाराचे काळजीचे गणित.

घरे, शाळा, झाडे, बाग या गोष्टी येथे औदार्य म्हणून आल्या नाहीत हे ध्यानात घेतले पाहिजे. माळावर माणूस राहावयास हवा असेल तर त्यास सावली व पाणी हवे. त्याचे कुटुंब राहावयास हवे असेल तर मुलांस शाळा हवी. नफा झाल्यावर धर्मादाय करणारे कारखानदार निराळे, आणि आधी गाव वसविल्याखेरीज ज्याची भट्टीच पेटत नाही तो निराळा. ह्या दुसऱ्या प्रकारात दानाचा गर्व शिरण्यास वाव थोडा असतो. शंतनुराव किर्लोस्करांनी पुढे इंग्रजीत आत्मवृत्त लिहिले त्याच्या नावातही निवडुंग आणि गुलाब दोन्ही आहेत. त्यातला निवडुंग त्यांनी बालपणी डोळ्यांनी पाहिलेला होता.

ह्या गावात अस्पृश्यता पाळावयाची नाही असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तो काळ पाहता हे धाडस सामान्य नव्हे. रात्रीच्या राखणीस त्यांनी ज्यांना नेमले त्यांत शिक्षा भोगून आलेली माणसे होती. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही त्यांपैकी दोन नावे, आणि त्यांच्यावर टाकलेला विश्वास वाया गेला नाही. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. इतर सहकाऱ्यांची नावे ह्या इतिहासात घराण्याच्या आडनावांनी येतात; ह्या दोघांची मात्र जातीसकट, आणि एकाचे तर हाक मारण्याच्या नावाने. गावाने जे टाकले ते गावाच्या आठवणीने टाकले नाही. औंध संस्थानात पुढे १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली, आणि तिच्यावरून १९५७ साली व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. माणसावर विश्वास टाकून पाहण्याची ती हवा संस्थानात आधीपासून होती. किर्लोस्करवाडीच्या राखणदारांची नेमणूक त्याच हवेतली.

पहिल्या महायुद्धात लोखंड, कोळसा, रंग सारेच दुर्मीळ झाले. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्याकडील जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी नोंदली गेली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची वार्ता देणारे हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक बनले आणि १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’ असा त्याचा परिवार वाढला. नांगराची जाहिरात करावयास निघालेल्या कागदावर विधवाविवाहाची आणि बुवाबाजीची चर्चा चालावी हा मराठी वाङ्मयातील मौजेचा योगायोग आहे. पण ते स्वतंत्र व्याख्यानाचे काम.

इतके करूनही कुंपणाबाहेरचे गाव आपले झाले असे मानता येत नव्हते. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ साली दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरेदारे जाळली गेली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जळाला. ज्या आवारात अस्पृश्यता नव्हती, जेथे आसपासच्या खेड्यांतील शेकडो हातांना काम होते, त्या आवारास आग लागली. त्या आगीत सापडलेल्या निरपराध माणसांविषयी दुसरे मत असू नये. तथापि चाळीस वर्षांच्या चांगल्या वर्तनाने कारखाना व पंचक्रोशी यांमधील अंतर मिटत नाही, हे त्या दिवसांनी दाखविले. आदर्श गावाला वेस असते, आणि वेशीबाहेरून ते गाव निराळे दिसते. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले.

आता पंप. किर्लोस्करवाडीत पहिला पंप तयार झाला तो १९२६ साली. १९४६ साली शंतनुरावांनी पुण्याजवळ खडकी येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना काढला, त्याच साली बंगळुरास विजेच्या मोटारींचा निघाला. ह्या तिन्ही वस्तू एकत्र आल्या आणि दक्षिणेतील विहिरीचा कायापालट झाला. तोवर धाराशिवच्या विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून मागे सरत आणि पुढे धावत, नाडा ताणला जाई, सोंदूर ढिला होताच थारोळ्यात पाणी कोसळे. पहाटेपासून बैल थकेपर्यंत मोट चालली तरी भिजावयाचे ते थोडेसे रान. ही मोटेची दुर्बलता म्हणून सर्वांनी सांगितली, आणि उन्हात राबणाऱ्या माणसाच्या व बैलाच्या दृष्टीने ती खरीही होती. त्या कष्टांतून ज्या यंत्राने सोडविले त्याला शेतकऱ्याने घरातल्या माणसासारखा मान दिला. बाया-माणसांच्या डोक्यावरचे हंडेही काही गावी त्यामुळेच उतरले. पंपाच्या कारखानदाराने लोकांवर उपकार केले असे कोणी म्हटले तर त्यास खोडून काढणे कठीण आहे.

परंतु मोटेच्या त्या दुर्बलतेतच विहिरीचे रक्षण होते. बालाघाटच्या पोटात काळा पाषाण आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत, आणि तेही पावसाने जेवढे भरावे तेवढेच. बैल थकला की उपसा थांबे, रात्रीतून पाझर भरून येई. इंजिन थकत नाही. विजेची मोटार तर रात्रीही थकत नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे खडी फोडीत होती, आणि त्याच सुमारास खडक भेदणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. पिण्याच्या पाण्यासाठी आलेली कूपनलिका थोड्याच वर्षांत शेतात गेली. तिच्यात सोडलेला पंप डोळ्यांना दिसतही नाही. पाणी किती उरले हे विहिरीच्या काठावरून वाकून पाहता येत होते, ती सोयही गेली. कोरडवाहू ज्वारीच्या प्रदेशात ऊस उभा राहिला तो काही अंशी धरणांच्या आणि पुष्कळ अंशी ह्या उपशाच्या बळावर.

ह्या अपराधाचे खापर एका घराण्यावर फोडणे योग्य होणार नाही. पंप करणारे इतरही होते. वीज स्वस्त ठेवणारे सरकार होते. उसास हमखास भाव आणि ज्वारीस भाव नाही असा बाजार होता. आणि शेजाऱ्याने दोनशे फूट खोदले म्हणून आपण तीनशे खोदणारा शेतकरी होता. एवढे मात्र खरे की नांगराच्या वेळी जमिनीस विष तर चढणार नाही ना, असे विचारणारा जो गिऱ्हाईक लक्ष्मणरावांना भेटला, तसा गिऱ्हाईक पंपास भेटला नाही. पाण्याचा संशय कोणी घेतला नाही. आणि नांगराच्या कारखानदारास जे शेतकऱ्याने शिकविले, ते पंपाच्या कारखानदाराने आपण होऊन शिकावे अशी त्या काळच्या व्यापाराची रीत नव्हती.

अलीकडच्या काळात किर्लोस्कर उद्योगांनी पर्यावरणाच्या प्रश्नाकडे उघडपणे लक्ष दिलेले दिसते. ‘वसुंधरा’ ह्या नावाने निसर्ग व पर्यावरण यांवरील चित्रपटांचा महोत्सव पुण्यात व इतर नगरांत भरविला गेला, आणि नद्या, जंगले, कचरा ह्या विषयांवर तरुण मुले त्यात जमली. पाणी उपसण्याची विद्या संकटात कामी येते हेही २०१८ च्या जुलैत दिसले. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले व त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले असता किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तेथील उपसा करण्याच्या कामी साह्यास गेले होते. ह्या दोन्ही गोष्टी प्रशंसनीय आहेत. पण विकलेल्या पंपाने ज्या खडकातून पाणी काढले त्या खडकाचा हिशेब चित्रपट-महोत्सवात मांडला जात नाही. तो मांडावयाचा तर पंप विकणाऱ्याने विहिरीची खोली, भरून येण्याचा वेग आणि भोवतीच्या विहिरींची संख्या विचारावी लागेल. म्हणजे काही वेळा ‘येथे हा पंप बसवू नका’ असे सांगावे लागेल. असे सांगणारा दुकानदार विरळा.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी लातुरास निघाली. दहा वाघिणी, सुमारे पाच लक्ष लिटर कृष्णेचे पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद असा तिचा मार्ग होता, अंतर सुमारे ३४० किलोमीटर. १९२७ साली जोडली गेलेली ती अरुंद वाट आता रुंद झाली होती आणि तिने धाराशिव शहरही गाठले होते. त्या स्टेशनावरून पाणी पुढे गेले, आणि त्या उन्हाळ्यात धाराशिवच्या खेड्यांतून टँकरच्या रांगा लागलेल्या होत्या. मिरजेच्या पेठेतून ज्या दिशेने एके काळी लोखंड पूर्वेकडे आले त्याच दिशेने पाणी येऊ लागले.

महाराष्ट्र शासनाने २००९ साली भूजलाचा नवा कायदा केला. त्यात ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. तो कायदा शेतापर्यंत कितपत पोहोचला हे कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावरून जाणारी बोअरची गाडी पाहिली म्हणजे समजते. २०२० पासून अटल भूजल योजनेत गावकऱ्यांनी आपल्या पाण्याचा ताळेबंद आपण मांडावा, पाऊस किती पडला, मुरला किती, उपसला किती हे भिंतीवर लिहावे आणि मग पीक ठरवावे, असा प्रयोग निवडक गावांत सुरू झाला. ज्यांचे भूजल अतिरेकी उपशाने संकटात आले आहे असे महाराष्ट्रातील तेरा जिल्हे त्यासाठी निवडण्यात आले. त्या यादीत धाराशिव आहे. आणि किर्लोस्करवाडी ज्यात मोडते तो सांगली जिल्हाही आहे.